मधला रकाना

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरची जाणती मंडळी, समोर बसलेल्या बहिणींनो, भावांनो, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या माझ्या सग्यांनो,

साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद एकदाच मिळतं. मागच्या अध्यक्षांनी आपल्या कवितेचा इतिहास सांगितला, छान सांगितला. मी फॉर्मवरच्या एका रकान्याबद्दल बोलणार आहे. ज्यांना साहित्याबद्दलच ऐकायचं असेल त्यांनी बाहेर जाऊन चहा घ्यावा, चहा बरा आहे.

निमंत्रणपत्रिका तुम्ही पाहिलीत. उद्घाटकांचं नाव तीन शब्दांचं. स्वागताध्यक्षांचं तीन. मांडववाल्यांचे आभार मानलेत, त्यांचंही तीन. अध्यक्षांचं मात्र दोन. यात संयोजकांचा दोष नाही. पोरांनी फोन करून विचारलं होतं, "ताई, मधे काय टाकायचं?" मी म्हटलं, गुरूचं नाव टाका. पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "पण कागदोपत्री काय आहे?"

कागदोपत्री माझा बाप आहे.

मी सतरा वर्षांची असताना ज्या माणसाने अर्ज देऊन रेशनकार्डावरून माझं नाव कमी करून घेतलं, त्याचं नाव मी आज पन्नाशीतही पोटात घेऊन हिंडते. त्याला मला कमी करता आलं. मला त्याला कमी करता येत नाही. भांडण एवढंच आहे, आणि ते मी आज शेवटपर्यंत भांडणार आहे.

१५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा नालसा निकाल आला तेव्हा आपण पेढे वाटले होते. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी सांगितलं, आपण कोण हे ज्याचं त्याने ठरवावं, त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती नको. त्याला दहा वर्षं होऊन गेली. मधे आपल्यासाठी २०१९ चा कायदा आला, १० जानेवारी २०२० पासून लागू झाला, आणि कागदावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहून हवं असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला मागच्या दाराने परत आला. त्यावर आपल्यातल्या हुशार लोकांनी भरपूर लिहिलं आहे, मी पुढे जाते.

त्या कायद्याचं सातवं कलम बघा. जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीला जन्मदाखल्यात आणि ओळखीच्या इतर कागदांत आपलं 'पहिलं नाव' बदलण्याचा हक्क आहे. पहिलं! हा शब्द दिल्लीत लिहिला गेला. तिकडे पुष्कळांच्या नावात बाप नसतोच, तो वेगळ्या ओळीत राहतो. आपल्याकडे तो नावाच्या मधोमध ठाण मांडून बसलेला असतो. मी माझं पहिलं नाव बदललं, राजपत्रात छापून आलं, आणि त्याच्या शेजारी बाप जसाच्या तसा. नवी साडी नेसावी आणि वर जुना सदरा चढवावा, तसं दिसतं ते.

मी काय गप्प बसणारी आहे? गेले राजपत्राच्या कार्यालयात. कारकून भला माणूस, हसला नाही, खुर्ची दिली. म्हणाला, "बाई, वडील बदलायचे तर दत्तकपत्र लागतं." घरी येऊन तो १९५६ चा हिंदू दत्तक कायदा वाचून घेतला. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्याला दत्तक घेता येत नाही. घेणारा आणि जाणारा, दोघंही हिंदू हवेत. माझी गुरू मुसलमान, आमच्यातल्या भेंडीबाजारवाला घराण्याची. मी तिच्या दारात गेले तेव्हा अठरावं लागलं होतं. वयाच्या अटीला त्या कायद्यात एक पळवाट आहे, 'रूढी असल्यास'. अहो, रीत करून चेला घेण्याची आमची रूढी कैक पिढ्यांची! पण ती रूढी म्हणजे त्यांच्या लेखी नुसत्या टाळ्या.

आता साहित्याचं बोलते, म्हणजे चहाला गेलेले परत येतील. ज्यांच्या वाढदिवशी, २७ फेब्रुवारीला, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, ते जन्माने गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. पहिलं बदललं, मधलं बदललं, पुढे कुसुमाग्रज झाले ते वेगळंच. त्यांना कुणी विचारलं का, "ते ठीक आहे हो, पण खरं नाव काय?" चिंतामणी त्र्यंबक खानोलकर कवितेखाली आरती प्रभू अशी सही करत. त्यांनी बाईचं नाव घेतलं तर टोपणनाव. मी घेतलं तर प्रतिज्ञापत्र, फोटो, राजपत्र, आणि वर शेजारच्या टेबलावरची खसखस. आणि तुमच्या घरातल्या लग्नात? तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की कालची पोर नाव, बाप, आडनाव तिन्ही टाकून उठते. तिच्याकडे कुणी सर्जनचा दाखला मागत नाही. उलट पेढे वाटतात.

गुरूचं नाव सरकारला चालत नाही असंही नाही. डिसेंबर २०१६ पासून साधू-संन्याशांना पासपोर्टवर आई-बापाच्या जागी आध्यात्मिक गुरूचं नाव लावायची मुभा आहे. निवडणूक आयोगाच्या सहा नंबरच्या अर्जात तृतीयपंथी मतदाराने नातेवाईक म्हणून गुरूचं नाव द्यावं अशी सोय छापलेली आहे. म्हणजे मत मागताना गुरू माझी नातेवाईक. बाकीच्या वेळी २०१९ च्या कायद्यातली कुटुंबाची व्याख्या बघा: रक्त, लग्न किंवा कायदेशीर दत्तक. त्यात ती नाही.

गेल्या वर्षी विषय नियामक समितीत मी ठराव आणला होता, मधल्या नावाच्या जागी गुरूचं नाव लावण्याची मुभा द्यावी. 'शब्दयोजना तपासून' तो पुढे ढकलला गेला. तृतीयपंथी म्हणायचं की पारलिंगी, यावर तीन संमेलनं भांडायला वेळ होता, मी तर दोन्ही बाजूंना एकेकदा मत देऊन चुकले. माझ्या ठरावाला मात्र दहा मिनिटं नव्हती. एक विदुषी म्हणाल्या, गुरू म्हणजे सरंजामशाही, ते नाव लावून तुम्ही गुलामीच लावणार. त्या स्वतः आईचं आणि बापाचं, दोघांचं नाव लावतात. लावा बाई. तुमच्याकडे दोघं होते.

सरंजामशाही मला शिकवू नका. मंगतीतले निम्मे पैसे माझी गुरू घ्यायची. एकदा पट्ट्याने मारलंय, वळ महिनाभर होता. हे मी लपवत नाही. पण मला कावीळ झाली तेव्हा इस्पितळाच्या फॉर्मवर सही करायला तीच होती. तिला लिहिता येत नव्हतं. अंगठा द्यायला लाज वाटली म्हणून साठीला आलेली ती बाई खालच्या खोलीतल्या शाळकरी पोरीकडून अक्षरं शिकली. पुढच्या खेपेला मला भरती केलं तेव्हा तिने 'नाते' या रकान्यात स्वतःच्या हाताने 'गुरू' लिहिलं. खिडकीवरच्या माणसाने ते खोडलं आणि लिहिलं, 'शेजारीण'. ती काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ चुकलं का गं?"

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या नावात आपल्या सरकारने बापाच्या आधी आईचं नाव घातलं. आनंद आहे, मी टाळ्या वाजवल्या, आम्हाला त्या चांगल्या येतात. रकाना हलतो, हे तेव्हा दिसलं. भाषा अभिजात झाली म्हणून आपण हार घालून घेतले, तर त्या अभिजात भाषेत मधल्या जागी 'गुरू' हा शब्द बसवायला काय अडचण आहे, हे मला कुणीतरी सांगावं. आजच्या खुल्या अधिवेशनात तो ठराव पुन्हा येणार आहे, अध्यक्षांच्या अधिकारात, पहिल्या क्रमांकावर. शब्दयोजना मी तपासली आहे.

आणि एक. संयोजकांनी मला मानधन देऊ केलं आहे. ते मी नाकारत नाही, फक्त चेक माझ्या पूर्ण नावाने काढा, मधे गुरूचं नाव घालून. बँक तो परत करील आणि सोबत कारणाची चिठ्ठी देईल. मला ती चिठ्ठी हवी आहे, ठरावाला जोडायला. खजिनदार समोरच बसलेत. गुरूच्या नावाचा एक कागद माझ्या पर्समध्ये आहे, तिच्याच अक्षरातला. ऱ्हस्व-दीर्घ त्यावरून घ्या.