पावसाच्या पाण्याची वाट

१८७२ सालीं पांझरेला आलेल्या पुरानें धुळें शहरांतील घरादारांची मोठी हानि केली. परंतु नदी फुगणें निराळें आणि तासाभराच्या पावसानें बाजारपेठ गुडघाभर पाण्यांत बुडणें निराळें. या दुसऱ्या संकटाचा दोष नदीच्या माथीं मारतां येत नाहीं.

श्रोत्यांनीं एक हिशेब करून पाहावा. एका हेक्टरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे अडीच लाख लिटर पाणी होतें. उन्हाळ्यांत भेगाळलेली खानदेशची काळी जमीन पहिल्या सरी पोटांत घेते. डांबर आणि काँक्रीट मात्र जवळजवळ सारें पाणी गटाराकडे लोटतात. तें गटार बहुधा घरच्या सांडपाण्यापुरतें बांधलेलें!

नवल हें, कीं ही विद्या या प्रांताला परकी नाहीं. पांझरेकांठीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या फड पद्धतींत बंधाऱ्यापासून पाट आणि पाटापासून चाऱ्या निघतात. त्यांच्यासवें जादा पाणी बाहेर काढणारी वाटही असते. तिला सांडम म्हणतात. शेतकरी पाणी आणतांनाच तें घालविण्याची सोय करतो. शहरांत आधीं भूखंड पडतात, मग नाला कोठें दडपावा याचा विचार होतो.

जळगांवच्या मेहरूणसारखे तलाव जोराच्या सरी थोपवून पाणी सावकाश सोडूं शकतात. मात्र त्यांत येणारे ओहोळ मोकळे हवेत. नाल्यांचा गाळ मृगापूर्वीं उपसावा, आणि उपसल्यावर तो कांठावर ठेवूं नये; पहिलीच सर तो पुन्हा आंत नेऊन टाकते.