एकाच खिडकीवर रांग कशाला?

(कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मसाला दूध उकळेपर्यंतचा वेळ मला दिलाय, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

वॉचमनच्या केबिनमध्ये रोज खोक्यांचा ढीग असतो, बहुतेक एकाच कंपनीचा. त्यात आमच्या घरचीही असतात, नाकारत नाही. मध्यंतरी कुकरची रिंग मागवली, ती चुकीच्या मापाची आली. परत करण्यात अकरा दिवस गेले. सौ. म्हणाल्या, "अहो, कोपऱ्यावरच्या भांडेवाल्याकडे गेला असतात तर पाच मिनिटांचं काम." गेलो, तर त्याचं शटर कायमचं बंद! आता आपल्या वाण्याची काळजी वाटते. लॉकडाऊनमध्ये त्याने गेटवर सामान आणून दिलं, तेही वहीवर लिहून, विनातारण! आज त्याच्याकडे आपण मीठ संपलं तरच जातो.

ऑनलाइन घेऊ नका, असं मी म्हणत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी काय करायचं? पण दुसऱ्या वाटा आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा क्लिअरिंग हाऊस असायचं. चेक एका बँकेचा, खातं दुसरीत, तरी पैसे जमा होत. 2016 मध्ये यूपीआय आलं, आता कुठल्याही ॲपवरून कुठल्याही बँकेत पैसे जातात. ओएनडीसी हे मालासाठीचं तसंच जाळं. केंद्र सरकारच्या पुढाकाराने डिसेंबर 2021 मध्ये ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. स्टेट बँकेसह बऱ्याच बँका भागधारक आहेत. ती स्वतः काही विकत नाही. दुकानदार एका ॲपवर, गिऱ्हाईक दुसऱ्यावर, तरी सौदा होतो.

मी वापरून पाहिलं. सगळं मिळत नाही, कधी भावही जास्त पडतो. तक्रार केली की ॲपवाला विक्रेत्याकडे बोट दाखवतो. पण 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. नाहीच झालं तर ग्राहक हेल्पलाइन 1915. नंबर लिहून ठेवा. बचत गटांच्या वस्तूंसाठी ई-सरस आहे, तेही बघा.

वाण्याला म्हटलं, तूही ओएनडीसीवर ये. तर म्हणतो, "काका, फोटो काढून मालाची यादी टाकायला वेळ कुणाला?" माझी नात दिवाळीच्या सुट्टीत ते काम करून देणार आहे. डाळी-कडधान्यंच शंभरावर निघतील, तिला एकटीला झेपणार नाही. बी विंगमधल्या कॉलेजच्या मुलांनी दूध पिऊन झाल्यावर मला भेटावं.