वाफसा येईपर्यंत
(मंडळाच्या नागपूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



मी जन्मभर शाळेत मुले शिकविली. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. अधिकार इतकाच की, माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. आणि मग मी हा विषय जाणत्यांना विचारून समजून घेतला.

माझ्या एका पुतणीला लग्नानंतर सात वर्षे मूल नव्हते. तिला पीसीओएसचा विकार होता. गोठवून ठेवलेला भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर तिला दिवस राहिले. घरात पेढे वाटले गेले. मी वडीलकीच्या नात्याने म्हणालो, "बाळ, आता देवाने दिले, ह्या गोळ्या पुरे कर." ती माझ्यापुढे काही बोलली नाही, परंतु संध्याकाळी तिने डॉक्टरीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "गोळ्या थांबवाल तर गर्भ जाईल." हे ऐकून माझ्या पायांखालची जमीन सरकली.

ह्या विकारात बीजांडकोशांत पुष्कळ लहान पुटके तयार होतात, परंतु त्यांतील एखादे पक्व होऊन बीज वेळेवर बाहेर पडत नाही. पाळी अनियमित होते. शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथॉल ह्या डॉक्टरांनी १९३५ साली त्याचे वर्णन केले. तो कोणाच्या पापाचा वा पत्रिकेचा दोष नव्हे.

अशा स्त्रीला बीजे मिळविण्यासाठी इंजेक्शने दिली, की बीजांडकोश कधी कधी अतोनात सुजतात, पोटात पाणी साचते आणि जिवावर बेतू शकते. म्हणून पुष्कळदा भ्रूण गोठवून ठेवतात व शरीराला विसावा देतात. चीनमध्ये ह्या विकाराच्या १५०८ स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. ताजा भ्रूण सोडलेल्यांपैकी शेकडा ४२ जणींना, तर गोठवलेला सोडलेल्यांपैकी शेकडा ४९ जणींना जिवंत मूल झाले. सूज येण्याचे प्रमाण शेकडा ७ वरून सुमारे १ वर आले. मात्र गरोदरपणातील रक्तदाबाचा गंभीर विकार गोठवलेल्या भ्रूणाच्या बाजूस अधिक आढळला. लाभ आहे, तशी सावधगिरीही हवी.

आता गोळ्यांचे कारण ऐका. आपल्या विदर्भातील शेतकरी पहिली सर पडताच तिफण जुंपीत नाही. वाफसा येईपर्यंत थांबतो. गर्भाशयाचेही तसेच आहे. प्रथम सुमारे दोन आठवडे इस्ट्रोजेन देऊन आतले अस्तर वाढवितात व सोनोग्राफीने त्याची जाडी पाहतात. ती साधारण ७ मिलिमीटर वा अधिक असावी लागते. मग प्रोजेस्टेरॉन सुरू होते. त्याने अस्तर भ्रूण धरण्याजोगे होते. पाच दिवसांचा भ्रूण बहुधा त्याच्या सहाव्या दिवशी सोडतात. आधी नाही, नंतरही नाही.

एरवी बीज बाहेर पडल्यावर त्या जागी एक पीतपिंड तयार होतो आणि तोच प्रोजेस्टेरॉन पुरवितो. केवळ गोळ्यांनी अस्तर तयार केले तर तो पिंड नसतो. म्हणून वार तो भार उचलीपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा आठवडे, औषध बाहेरूनच द्यावे लागते. माझ्या उपदेशात नेमकी हीच चूक होती. लेट्रोझोलच्या गोळ्या देऊन शरीराकडूनच बीज सोडविण्याचा दुसरा मार्ग आहे. त्यात पीतपिंड मिळतो. कोणाला कोणता मार्ग योग्य, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. कोणत्याही मार्गात रक्तदाब मोजून घ्यावा.

ही विद्या परकी नव्हे. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय ह्यांनी भ्रूण गोठवून तो नंतरच्या पाळीचक्रात सोडला, आणि ३ ऑक्टोबर १९७८ रोजी 'दुर्गा' जन्मली. त्या मातेच्या गर्भनलिका बाधित होत्या. विकार निराळा, पण थांबण्याचे तत्त्व तेच. सरकारी समितीने त्यांचे म्हणणे अमान्य केले. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार ह्यांच्या प्रयत्नाने कन्या जन्मली व तीच देशातील पहिली मानली गेली. परंतु ह्याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणे अभ्यासून १९९७ साली जाहीर केले, की पहिला मान त्यांचाच. आपला मान दुसऱ्यास देणारा असा मनुष्य विरळा!

बंधूंनो, बीज पुरुषाचे व क्षेत्र स्त्रीचे, ही जुनी समजूत अर्धीच खरी आहे. बीज दोघांचे असते, दोषही दोघांपैकी कोणाकडेही असू शकतो. तेव्हा तपासणी मुलाचीही करा. सुनेला हळदीकुंकवाच्या पंक्तीतून वगळू नका. 'काही झाले का?' असे दर महिन्यास विचारू नका. औषध मध्येच थांबविण्याचा सल्ला तर माझ्यासारख्या वडीलधाऱ्यांनी कधीच देऊ नये. आणि इतके करूनही काहींची कूस उजवत नाही. त्या लेकीचा मान आपल्या घरात तिळमात्र उणा होऊ नये.

माझी पुतणी आज समोर बसली आहे आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची नात माझ्याकडे पाहून हसते आहे. माझे त्या दिवशी ऐकले नाही, म्हणून तिचे सर्वांसमक्ष आभार मानतो व आपली रजा घेतो.