घर आपलं, तर गवंडीही आपण पारखायचा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या गटांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांनी तो पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून घ्यावा.)

अध्यक्षताई, सचिवताई, लिपिका, सगळ्या सीआरपी ताया आणि सकाळचं घरचं आवरून, मिळेल त्या गाडीने इथवर आलेल्या माझ्या आक्का, मावश्या, वहिनी.

मला आज कर्जफेडीवर बोलायला सांगितलंय. मी त्याच्यावरच बोलणार आहे, पण जरा लांबून येते. या दोन-तीन महिन्यांत गटांच्या वह्या तपासताना कर्जाच्या कारणात एक शब्द सारखा दिसला, घरबांधणी. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, कुणी म्हैस विकून दोन खोल्या काढतंय. मी विचारते, "मावशी, गवंडी कोण लावलाय?" उत्तर तीनच प्रकारचं येतं. "ते मालकांनी ठरवलंय." "भावकीतलाच आहे." "सगळ्यात स्वस्तात देतोय."

मी इंजिनिअर नाही. समाजकार्य शिकलेय. तुम्ही म्हणाल, कालची पोर आणि आम्हाला घर बांधायला शिकवतेय. म्हणून आधी आमच्याच घराचं सांगते.

आमचं घर वाळवा तालुक्यातलं. मी अकरावीला होते तेव्हा आईने गटातून कर्ज घेतलं, थोडं सोनं मोडलं आणि बांधकाम काढलं. मिस्त्री नात्यातला, त्यामुळे कागद काहीच केला नाही. जोतं पूर्ण व्हायच्या आधीच त्याने उचल म्हणून निम्म्याहून जास्त पैसे नेले. सणाच्या तोंडावर घाईने स्लॅब ओतला आणि माणसं घेऊन दुसऱ्या कामावर गेला. स्लॅबवर पाणी कुणी मारायचं, हे ठरलंच नव्हतं. आईला वाटलं मिस्त्री बघेल, मिस्त्रीला वाटलं घरची माणसं बघतील. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब ठिबकायला लागला. पुढची तीन वर्षं आई हप्ता भरायला गटात जायची, तेव्हा खोलीत पातेली मांडून जायची. नात्यातला माणूस, भांडताही आलं नाही.

आता बघा. गटातल्या एका बाईला दहा हजार द्यायचे असले तरी आपण काय काय विचारतो? कशाला पाहिजेत, फेडणार कसे, मागचं कर्ज वेळेवर फेडलं का. मग ठराव, मग सह्या. आणि तेच पैसे घरी नेऊन मिस्त्रीच्या हातात ठेवताना आपण एक शब्द विचारत नाही. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे. कर्ज देताना बाईला जसं पारखता, तसंच पैसे देताना मिस्त्रीला पारखा.

आता घरकुलाचं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ मध्ये सुरू झाली. तिचा नियम असा की घर लाभार्थ्याने स्वतः बांधून घ्यायचं, सरकारने ठेकेदार लावायचा नाही. त्यामुळे "पंचायतीने तुमचं काम मलाच दिलंय" असं कुणी दारात येऊन म्हणालं, तर सरळ सांगा, आमचा गवंडी आम्ही ठरवणार. योजनेत कमीत कमी २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट घर धरलंय, स्वयंपाकाच्या जागेसकट. सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने, बांधकामाचा फोटो चढल्यावर. रोजगार हमीच्या ९० दिवसांच्या मजुरीचे पैसे वेगळे. ती हजेरी कुणाच्या नावावर पडतेय ते बघत जा. मंजुरी शक्यतो बाईच्या नावाने किंवा नवरा-बायको दोघांच्या नावाने असते. कागदावर नाव आपलं आहे, मग गवंडी ठरवताना आपण आतल्या खोलीत चहा करत का बसायचं?

आता पारखायचं कसं, ते सांगते.

पहिलं म्हणजे, त्याने बांधलेली घरं बघा. एक नाही, तीन बघा, आणि दोन-तीन पावसाळे झालेली बघा. नवा रंग बघून काही कळत नाही. त्या घरातल्या बाईला बाजूला घेऊन विचारा. पावसात गळतं का? ठरल्यापेक्षा पैसे किती वाढले? काम मध्येच टाकून गेला का? आणि मुख्य म्हणजे, तुम्ही काही सांगितलं तर ऐकायचा का, की "मालकांना बोलवा" म्हणायचा? चार बायकांशी बोललात की मिस्त्री कसा आहे ते कळतं.

दुसरं, दर तिघांचे घ्या, पण एकाच कामाचे घ्या. एक मजुरीचा दर सांगतो, दुसरा मटेरियलसकट सांगतो, आणि आपण नुसते आकडे बघून स्वस्त-महाग म्हणतो. विचारायचं ते असं: फूट कशावर मोजणार, स्लॅबच्या बाहेरून की आतल्या खोल्यांचा? सेंटरिंगच्या प्लेटा आणि टेकू कुणाचे? बाहेरचा गिलावा धरलाय का? जिना, ओटा, संडास धरलाय का? पाणी कोण मारणार? आमचं घर याच शेवटच्या प्रश्नावर फसलं.

मटेरियलसकट ठेका दिला की डोक्याला ताप कमी, पण सिमेंट किती पडलं ते कळत नाही. माल आपण आणून नुसती मजुरी दिली, तर धावपळ आपली, पण पोती आपण मोजतो. घरात बघणारं कुणी असेल तर मला दुसरी पद्धत बरी वाटते.

तिसरं, कागद करा. पाचशेच्या मुद्रांकावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. काम काय, दर काय, कधी संपणार, काम सोडून गेला तर काय, सगळं लिहायचं. भावकीतला असला तर आधी कागद. कागदाने नातं तुटत नाही. कागद नसला की तुटतं, हे मी घरात बघितलंय.

चौथं, पैसे कामाच्या मागून द्या, पुढून नाही. हिशेबाला सोपं म्हणून मजुरी एक लाख धरा. सुरुवातीला १० हजार. जोतं झालं की २० हजार. लिंटलपर्यंत भिंती आल्या की २०. स्लॅब ओतून सेंटरिंग निघालं की २०. गिलावा आणि फरशीला १५. उरलेले १५ हजार सगळं काम तपासून झाल्यावर. हे शेवटचे १५ हजार आपल्याकडे असतात तोवर मिस्त्री फोन उचलतो. घरकुलाचे हप्ते जसे येणार, त्याला हे टप्पे जुळवून घ्या. दिलेल्या प्रत्येक पैशाची वहीत सही घ्या, गटाच्या वहीत घेतो तशी.

पाचवं, कामावर उभ्या राहा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. कमरेइतक्या उंचीवरून सोडलेली वीट फुटून भुगा होता कामा नये. सिमेंटच्या पोत्यावरची तारीख वाचा, तीन महिन्यांपेक्षा जुनं किंवा गुठळ्या झालेलं घेऊ नका. पाणी घालून कालवलेला माल अर्ध्या तासात वापरायचा असतो, जेवणानंतर त्यातच पुन्हा पाणी घालून चालत नाही. स्लॅब ओतल्यावर वर आळी करून किमान दहा-चौदा दिवस पाणी साठवा. हे समोर बोलून दाखवलंत की मिस्त्रीला कळतं, या बाईला समजतंय.

आपल्या भागाचं वेगळं असं काही मिस्त्रीला विचाराच. कृष्णाकाठच्या बायांनी २०१९ च्या पुराचं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ते दाखवा आणि जोत्याची उंची विचारा. पाटण, कोयनेकडच्या बायांनी भूकंपाचे पट्टे विचारा, म्हणजे जोत्याला आणि लिंटलला सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. ज्याला पट्टा म्हणजे काय ते माहीत नाही, त्याच्या हातात तिकडचं घर देऊ नका. घरकुल योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण असतं. ते केलंय का, प्रमाणपत्र आहे का, हेही विचारा.

हे बायकांना जमेल का, असं वाटत असेल तर किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर-उस्मानाबादकडे भूकंप झाला. पुढे घरं दुरुस्त आणि मजबूत करायचा मोठा कार्यक्रम निघाला. तेव्हा स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. घर मजबूत कसं करायचं ते त्या आधी शिकल्या, मग घरोघरी जाऊन लोकांना समजावलं, कामावर लक्ष ठेवलं. त्या काही इंजिनिअर नव्हत्या. तुमच्या-माझ्यासारख्याच, मंडळात बसणाऱ्या बायका होत्या.

शेवटी एक मागणं. प्रत्येक ग्रामसंघाने एक गवंडी वही ठेवावी. गावात कुणी कुणाचं घर बांधलं, ठरले किती, लागले किती, पावसाळ्यात काय झालं, हे त्या घरच्या बाईच्या तोंडून लिहायचं. ऐकीव काही लिहायचं नाही. आणि चांगल्या मिस्त्रीचं चांगलंही लिहायचं, त्याला त्यातूनच पुढचं काम मिळेल. पुढच्या वेळी कुणी घरबांधणीसाठी कर्ज मागितलं, तर कर्ज देतानाच विचारा, "वही बघितली का? कागद केला का?"

सुरुवातीला म्हटलं होतं, कर्जफेडीवरच बोलणार आहे. गळक्या घराचा हप्ता भरणं किती जड जातं, ते मी आईच्या तोंडावर बघितलंय. तुमच्यातल्या कुणाला पातेली मांडून बैठकीला यायला लागू नये, म्हणून हे सगळं बोलले.