शिक्का चुकतो तेव्हा



आजचा विषय गुजरीतल्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सराफपेठेतल्या, सोन्याचा आहे. सुरुवात मात्र अमेरिकेतल्या पुठ्ठ्याच्या एका तुकड्यापासून करतो.

१९०९ ते १९११ या काळात तिकडे सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉल खेळाडूंची छोटी चित्रं घालून देत. त्यातलं होनस वॅग्नर या खेळाडूचं चित्र फार थोड्या संख्येने बाहेर आलं, त्यामुळे संग्राहक त्यासाठी वेडे झाले. १९९१ साली असं एक चित्र लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला गेलं. त्याच वर्षी खेळाडूंची चित्रं तपासून १ ते १० अशी श्रेणी देणारी एक कंपनी सुरू झाली. पीएसए तिचं नाव. कोपरे, कडा, पृष्ठभाग, छपाई मधोमध आहे की नाही, हे पाहून अंक द्यायचा आणि चित्र प्लास्टिकच्या डबीत बंद करायचं, हे तिचं काम. तिने श्रेणी दिलेलं पहिलं चित्र हेच होतं. श्रेणी मिळाली ८. सिगारेटच्या पाकिटातून निघालेला पुठ्ठा ऐंशी वर्षांनी इतका कोरा राहावा, याचं सगळ्यांना अप्रूप वाटलं. २००७ साली तो २८ लाख डॉलरला विकला गेला. पुढे २०१३ साली लिलावाचा धंदा करणाऱ्या बिल मास्ट्रो या माणसाने न्यायालयापुढे कबूल केलं की त्या चित्राच्या कडा आपण कापल्या होत्या. कडा छान सरळ दिसत होत्या त्या यामुळे. कापलेल्या चित्राला श्रेणी द्यायची नाही, असा त्या धंद्याचा मूळ नियम. तो पहिल्याच चित्राला मोडला गेला होता, आणि ते उघड व्हायला बावीस वर्षं लागली.

या धंद्यात ९ आणि १० या अंकांमधला फरक किमतीत कित्येक पटींचा असतो. तरीही अंक का कमी झाला, कोणता कोपरा दबलेला आढळला, हे ग्राहकाला बहुधा कळत नाही. फक्त अंक कळतो. २०२१ च्या मार्च अखेरीला त्या कंपनीकडे चित्रांचा इतका ढीग साचला की तिला बहुतेक सेवा काही महिने थांबवाव्या लागल्या. लोकांच्या मौल्यवान वस्तू आत आणि लोक बाहेर, उत्तराची वाट पाहत.

हे कोल्हापुरात का सांगायचं? कारण दुसऱ्याच्या अंकावर विसंबून खरेदी करणारे आपणही आहोत, आणि आपण पुठ्ठा घेत नाही, लेकीच्या लग्नाचं सोनं घेतो. शिक्का मारणाऱ्याची परीक्षा शिक्का बरोबर असताना होत नाही, तो चुकल्यावर होते. चूक कळायचा मार्ग आहे का, दाद मागायला दार आहे का, आणि ते दार शिरोळ-राधानगरीच्या माणसाच्या आवाक्यात आहे का, हे मला आज विचारायचं आहे.

पूर्वी गुजरीत सोनं कसोटीवर घासत. काळ्या दगडावर रेघ ओढायची, तेजाब लावायचं, रंग कसा उतरतो ते पाहायचं. विश्वास दगडावर नसायचा, माणसावर असायचा. ज्याच्याकडे आजोबांनी डाग घडवला त्याच्याकडेच नातवाने मोडायचा. या नात्याला मी कमी लेखत नाही. पण त्यात चूक झाली तर ती तपासणाराही तोच सराफ होता.

भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांचं हॉलमार्किंग २००० साली सुरू केलं आणि २०२१ च्या जूनपासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत ते सक्तीचं झालं. पूर्वी दागिन्यावर चार खुणा असत. आता तीन असतात: ब्यूरोचं चिन्ह, शुद्धता म्हणजे २२ कॅरेटसाठी २२के९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नगाच्या या वेगळ्या ओळखीशिवाय सराफाला सक्तीच्या कक्षेतला नवा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि शिक्क्याची तारीख दिसते. यातला दागिन्याचा प्रकार नीट वाचा. हातात ठुशी आहे आणि ॲप अंगठी म्हणतंय, तर दुसऱ्या कुठल्या तरी नगाचा क्रमांक तुमच्या गळ्यात पडलेला आहे.

आता चुका कुठे होतात ते पाहू. शिक्का मारणाऱ्या तपासणी केंद्रात आलेला प्रत्येक नग आधी क्ष-किरणांच्या यंत्राखाली जातो. हे यंत्र झटपट उत्तर देतं आणि दागिन्याला ओरखडाही पाडत नाही, पण त्याला दिसतो तो वरचा काही मायक्रॉनचा थर. खात्रीची परीक्षा आगीची. खरवडून घेतलेलं किंचित सोनं चांदीबरोबर शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत घालतात. शिसं तांब्यासारख्या हिणकस धातूंना घेऊन मुशीत मुरतं. उरलेल्या गोळीची पातळ पट्टी करून नत्राम्लात उकळली की चांदी विरघळते आणि निखळ सोनं राहतं. ते तोलायचं. ही परीक्षा उत्तम, पण ती खरवडलेल्या कणांची, आणि घाऊक मालात काही निवडक नगांचीच. दहा ठिकाणी झाळलेल्या दागिन्यात सांध्यावरचं सोनं आणि पानावरचं सोनं एकसारखं निघेलच असं नाही. त्यामुळे नमुना कुठून घेतला याला फार महत्त्व आहे.

वर दिसतं त्यालाच भाव मिळाला की माल वरून सजवला जातो. हे कोल्हापूरकरांना मी सांगायला नको. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा ढेपेच्या रंगाला भाव लागतो. पिवळाधमक गूळ चढा जातो, तांबूस गूळ मागे पडतो. मग काही गुऱ्हाळांवर रस साफ करणाऱ्या भेंडीच्या जोडीला रंग उजळणाऱ्या हायड्रोस या रसायनाची पुडी येते. रस तोच, गुळव्या तोच, पण श्रेणी रंगावर असल्यामुळे चांगल्या शेतकऱ्यालाही आपला गूळ बिघडवावा लागतो. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला अभिमान आहे. पण मानांकन गावाचं नाव राखतं, सौद्याची नजर बदलत नाही. वॅग्नरच्या चित्राच्या कडा कापणारा आणि कढईत पुडी टाकायला लागलेला गुळव्या यांच्या नीतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोघांना त्या वाटेला लावणारी श्रेणीची रीत मात्र एकच.

परत सोन्याकडे येतो, कारण आपल्या साजात एक खास अडचण आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

कोल्हापुरी साज तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. परंपरेने एकवीस पानं, त्यात दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, आणि मधून मधून ओवलेले मणी. हे मणी आणि कित्येक पानं पोकळ असतात. सोन्याचा पत्रा इतका पातळ की बोटाने दाबला तर चेपेल, म्हणून आत लाख भरतात. बोरमाळेतही हेच. ही लबाडी नाही, ही कारागिरी आहे. थोड्या सोन्यात भरघोस दिसणारा दागिना सामान्य घराला मिळावा, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं कसब आहे. पण दहा वर्षांनी घरात अडचण येते, बाई साज मोडायला जाते, सराफ तो आटवतो, लाख जळून जाते आणि काट्यावर सोनं कमी भरतं. बाई म्हणते, शिक्का होता ना? मग सोनं गेलं कुठे?

शिक्का खोटा नव्हता. तो सांगत होता की या दागिन्यातल्या धातूच्या हजार भागांत ९१६ भाग सोनं आहे. दागिन्यात धातू किती आणि लाख किती, हे तो सांगतच नव्हता. ते सांगायची जागा पावतीवर आहे. दागिन्याचं वर्णन, मौल्यवान धातूचं निव्वळ वजन, कॅरेट व शुद्धता, आणि हॉलमार्किंगचं शुल्क या गोष्टी पावतीवर वेगवेगळ्या लिहिणं सराफावर बंधनकारक आहे. ग्राहक कार्यकर्ता म्हणून माझ्याकडे तक्रारी घेऊन आलेल्या अनेकांच्या पावतीवर एकच वजन होतं आणि ते लाखेसकट होतं. काहींकडे तर नुसत्या कच्च्या चिठ्ठ्या होत्या. कच्च्या चिठ्ठीवर वाद घालताना माणूस किती एकटा पडतो, ते मी जवळून पाहिलं आहे. जीएसटी वाचवायच्या नादात आपण दाद मागण्याचा हक्क काउंटरवर सोडून येतो. याची जबाबदारी जितकी विकणाऱ्याची, तितकी आपली.

आता शुद्धताच कमी निघाली तर? ब्यूरोच्या २०१८ च्या नियमांत याचं स्पष्ट उत्तर आहे. शुद्धतेत जेवढी तूट असेल, तिच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि शिवाय तपासणीचा खर्च. धरून चाला की माळेत २० ग्रॅम सोनं आहे, शिक्का ९१६ चा आहे आणि तपासणीत ८९० निघालं. हजारी २६ ची तूट म्हणजे ०.५२ ग्रॅम. शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १० हजार रुपये मानला तर ५,२०० रुपये. भरपाई १०,४०० रुपये. बिनशिक्क्याच्या जुन्या दागिन्यांचीही तपासणी सामान्य ग्राहकाला केंद्रात करून घेता येते. २०२२ साली सरकारने चार नगांपर्यंत त्यासाठी २०० रुपये शुल्क ठरवलं. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यातल्या आयोगात दावा करता येतो आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

कायदा चांगला आहे. तरी माणसं तिथवर पोचत नाहीत, कारण ‘तुमच्या दागिन्यात तूट आहे’ हे त्यांना मुळात कळतच नाही. डोळ्यांना ९१६ आणि ८९० सारखेच पिवळे. चूक उघडी पडते ती मोडीच्या वेळी, आणि मोड बहुधा आजारपणात, फीच्या हप्त्याच्या आदल्या दिवशी होते. त्या दिवशी कुणी भांडायला उभं राहत नाही. मिळेल ते घेऊन घरी जातं.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. २ ग्रॅमहून कमी वजनाच्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही. लहान नगाला शिक्क्याचा खर्च परवडत नाही, हे कारण मला समजतं. पण फुली, लहान कुड्या, मुलीच्या कानातले डूल घेणारी बाई कोण असते? ऊसतोडीच्या, मोलकरणीच्या, गिरणीतल्या पैशातून गुंजागुंजाने सोनं जमवणारी. जिला फसवणूक सगळ्यात कमी परवडते तिच्याच नगावर शिक्का नाही. हुपरीच्या चांदीचंही तसंच. पैंजण, तोडे, जोडवी यांवर कितीतरी घरं पोसणाऱ्या त्या गावाचा माल देशभर जातो. चांदीला एचयूआयडी १ सप्टेंबर २०२५ पासून आला, पण ऐच्छिक. हुपरीने तो सक्तीची वाट न पाहता घ्यावा असं मला मनापासून वाटतं. प्रामाणिक कारागिराचा पैंजण आणि गिलेटाचा पैंजण दुकानात शेजारी शेजारी टांगलेले असतात, तेव्हा तोटा प्रामाणिकाचाच होतो.

इथे सराफ बंधूही बसले आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. केंद्राने चुकीचा शिक्का मारला तरी गिऱ्हाईक रागावतं ते दुकानदारावर, हे मी जाणतो. म्हणून एक मागणी त्यांच्यापुढे ठेवतो. लाख भरलेल्या प्रत्येक दागिन्याच्या पावतीवर एकूण वजन, लाखेचं वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन असे तीन आकडे मराठीत लिहा. मोडीच्या वेळी गिऱ्हाइकासमोर आटवा, आटणीआधीचं आणि नंतरचं वजन त्याच पावतीच्या मागे लिहून सही करा. आणि महिन्यातला एक दिवस ठरवून तपासणी केंद्राचा माणूस गुजरीत बसवा. कुणीही यावं, कुठल्याही दुकानाचा डाग आणावा, ठरलेलं शुल्क भरावं आणि आकडा लेखी घेऊन जावा. नमुना कुठून खरवडला हेही त्या कागदावर लिहिलेलं असावं. पहिला दिवस येत्या अक्षय्य तृतीयेच्या आधी ठेवता आला तर फार बरं. ग्राहक कार्यकर्ते म्हणून त्या दिवशी टेबल मांडायला, रांग लावायला आणि अर्ज भरून द्यायला आम्ही येऊ.