वह्या चंद्रभागेत सोडू नका
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



आज कीर्तन नाही, चार शब्द बोलायचे आहेत. परवाच्या बैठकीत असं ठरत आलं, की दिंडीला शंभर वर्षं भरली, आता जुन्या वह्यांची पूजा करून आषाढीला त्या चंद्रभागेत सोडाव्यात. कसर लागलीय, कुणाला वाचता येत नाहीत, अडगळीत पडण्यापेक्षा गंगेला मिळालेल्या बऱ्या. भाव चांगला आहे. पण तुकोबारायांची गाथा तरली, ती देवानं तारली. आपल्या भिशीच्या हिशेबासाठी देव पाण्यात उतरायचा नाही.

पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. पालखीबरोबर आपण दरसाल पुण्यात मुक्कामाला असतो, पण तिकडं कुणाचं पाऊल वळत नाही. ७ जुलै १९१० ला वि. का. राजवाडे यांनी सरदार खंडेराव मेहेंदळ्यांना बरोबर घेऊन ते काढलं. राजवाडे त्याआधीपासून गावोगाव हिंडून कागद शोधायचे. लोक दाखवायला भ्यायचे. इनाम जाईल, भाऊबंद उठतील. तरी त्या पायपिटीतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाचे २२ खंड निघाले. पण एकट्याचे पाय किती पुरणार? म्हणून मंडळ. कागद, पोथ्या, ताम्रपट, नाणी जमवायची, जपायची, वाचायची आन् छापायची. मोडी शिकवायचे वर्गही तिथं चालत आलेत.

राजवाडे आपल्या पंथातले नव्हेत. उलट संतांवर त्यांनी टीकाच केली, ती मला पटत नाही. पण ज्ञानेश्वरीची जुनी पोथी हुडकून १९०९ साली छापली ती त्यांनीच. आन् हे काम आपल्याला परकं आहे का? नकला करता करता ज्ञानेश्वरीत चुकीचे पाठ शिरले होते. शके १५०६ ला नाथमहाराजांनी ते काढून ग्रंथ शुद्ध केला. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती त्याचीच. जुन्या प्रती कुणी गोदावरीत सोडून दिल्या असत्या, तर नाथांनी ताडून कशाशी बघितलं असतं?

बरं, हे कागद राजवाड्यातच सापडतात असंही नाही. भोर तालुक्यात कारी गाव आहे. तिथल्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली, ती १९१६ ला छापली गेली. त्यात शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा लिहिलेला. तोवर लोक दुसरीच तिथी धरत होते. आज १९ फेब्रुवारीला सरकारी शिवजयंती होते, तिला मोठा आधार त्या पानांचा. कुणी ती पानं चुलीत घातली असती तर?

आता आपली वही. माझं शिक्षण चौथी, मला मोडी येत नाही. एका म्हाताऱ्या मास्तरांकडं बसून पहिली वही वाचून घेतली. कुणी किती पायल्या जोंधळे दिले, वीणा कुणाच्या गळ्यात, कुठल्या गावी कुणाच्या ओसरीवर पाठ टेकली, सगळं आहे. आन् एका पानावर सात बायांची नावं निघाली. प्रत्येकीनं आपली भिशी आपण भरलेली, नावापुढं नवऱ्याचं नाव नाही. आपण आजवर सांगत आलो, की दिंडी पाच बाप्यांनी उभी केली. त्या सात जणी कोण, कुठल्या घरच्या, हे सांगणारं आज गावात कुणी उरलं नाही. उरलंय ते पान. मास्तर वाचून थांबले, मला पुढं बोलवेना.

अजून अकरा वह्या वाचायच्या राहिल्यात. त्यांत काय आहे ते बघितल्याशिवाय पाण्यात कशा सोडायच्या? सध्या एवढं करू. कसर हलक्या हातानं झटकायची, सुती रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवायच्या. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही. पोरांनी मोबाइलवर पानापानाचा फोटो घ्यावा, आन् कुठली वही कुणाच्या घरातनं आली ते सोबत लिहावं. मग पुण्याला मंडळात जाऊन जाणत्या माणसांना दाखवू. वह्या दिंडीच्याच राहतील.

ज्यांच्या घरी पणज्याची ट्रंक असेल, त्यांनी काल्याच्या आत वीणेकरी महाराजांच्या कानावर घालावं. रामकृष्णहरि.