तेरचें संग्रहालय

पुराणवस्तुसंग्रहालय म्हटलें कीं मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरांतील भव्य इमारत डोळ्यांपुढें उभी राहते. आज मी आपणांस ज्या संग्रहालयाची ओळख करून देणार आहें, तें मात्र एका लहानशा गांवांतील आहे. धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. संत गोरा कुंभारांचें गांव म्हणून सारा महाराष्ट्र त्यास ओळखतो. तेथें रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवाचें शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय आहे.

आज तेर लहान खरें. परंतु एके काळीं तें तगर नांवाचें मोठें व्यापारी नगर होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या एका अज्ञात लेखकानें हिंदी महासागरांतील व्यापाराचें वर्णन करून ठेविलें आहे. पैठणपासून पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें फार मोठें शहर असून तेथून साधें कापड, मलमल वगैरे माल गाड्यांतून भडोच बंदरास जातो, असें तो सांगतो. तगर म्हणजे नेमकें कोणतें गांव, याविषयीं विद्वानांत पुष्कळ वाद होता. १९०१ सालीं फ्लीट या पंडितानें तें तेरच होय असें प्रतिपादिलें. पुढें १९५८ सालीं तेथें उत्खनन झालें, आणि सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडांत आले.

परंतु उत्खनन हें थोड्या दिवसांचें आणि थोड्या जागेचें असतें; पाऊस मात्र दरवर्षीं पडतो. तेरच्या भोंवतालीं जुन्या वस्तीचीं पांढरीचीं टेंकाडें आहेत. पावसानें त्यांची माती धुपते, कुणी ती खणून नेतो, आणि तिच्याबरोबर मणी, नाणीं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या वर येतात. हें धन जमविण्याचें काम तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनीं वर्षानुवर्षें केलें. इतरांस जें खापर वाटे, त्यांत त्यांना इतिहास दिसे. त्यांच्या संग्रहांतूनच हें संग्रहालय उभें राहिलें असून तेथील वस्तूंची संख्या वीस हजारांवर गेली आहे.

त्या साऱ्यांत पाहणाऱ्याचे पाय जिच्यापाशीं खिळतात ती हस्तिदंताची लहानशी स्त्रीमूर्ति. इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या इटलींतील पाँपेई नगरांत १९३८ सालीं अशीच एक भारतीय बनावटीची हस्तिदंती मूर्ति सांपडली. जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथेंही या जातीची एक मूर्ति मिळालेली आहे. मराठवाड्यांतील मातींत आणि इटलींतील राखेंत एकाच घराण्यांतल्या वाटाव्या अशा मूर्ति निघाव्या, यावरून त्या काळच्या व्यापाराचा पल्ला केवढा होता हें ध्यानीं येतें.

मला स्वतःला मात्र पांढऱ्या मातीच्या बाहुल्या अधिक आवडतात. चैत्र वद्य त्रयोदशीस गोरोबाकाकांची पुण्यतिथि असते. त्या यात्रेच्या दिवसांत एका वर्षीं मी संग्रहालयांत होतों. दर्शन आटोपून कांहीं मंडळी आंत आली. त्यांत एक वृद्ध कुंभार होते. एका फुटक्या बाहुलीपाशीं ते बराच वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, “गुरुजी, ही दोन सांच्यांत केली आहे. पुढची बाजू वेगळी, पाठ वेगळी. मग दोन्ही जोडल्या. आंतून पाहा, बोटानें माती दाबल्याची खूण आहे.” विद्वानांनीं ग्रंथांत दुहेरी सांच्याची पद्धति म्हणून जी वर्णिली आहे, ती या गृहस्थांनीं एका दृष्टिक्षेपांत ओळखली. संग्रहालय विद्वानांसाठींच असतें, हा माझा समज त्या दिवशीं गेला.

आतां एक गोष्ट सांगतों, ती माझ्याच चुकीची आहे. फार वर्षांपूर्वीं मुलांची सहल घेऊन मी तेरला गेलों होतों. आदल्या रात्रीं पाऊस झाला होता. एका विद्यार्थ्यास टेंकाडाच्या उतारावर मातीचें लहानसें मस्तक सांपडलें. मीं त्याची पाठ थोपटली आणि तें मस्तक आणून शाळेच्या कपाटांत ठेविलें. दरवर्षीं इतिहासाच्या तासाला तें मुलांना दाखवीत असें. सेवानिवृत्त होतांना मला वाटलें, हें जेथचें तेथें पोंचवावें. म्हणून तें घेऊन संग्रहालयांत गेलों. तेथील अधिकाऱ्यांनीं तें आदरानें हातांत घेतलें आणि विचारलें, “गुरुजी, हें नेमकें कोणत्या टेंकाडावर मिळालें? वर पडलेलें होतें कीं दरडींतून निघालें? जवळ आणखी कांहीं होतें का?”

मला एकाही प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. ज्या मुलास तें सांपडलें, त्याचें नांवसुद्धां मला आठवेना. कागदाच्या चिठोऱ्यावर चार ओळी लिहावयास किती वेळ लागला असता? जन्मभर मुलांना तारखा पाठ करावयास लाविल्या, आणि माझ्या हातीं आलेल्या एका वस्तूची तारीख मीं लिहून ठेविली नाहीं!

श्रोतेहो, जुन्या वस्तूचें मोल ती जेथें पडली होती त्या जागेवरून ठरतें. कोणत्या थरांत, कोणत्या वस्तूंच्या शेजारीं ती होती, यावरून तिचा काळ कळतो. तें गेलें कीं वस्तु राहते, पण तिची वाचा जाते. म्हणून कोणास अशी वस्तु दिसली तर ती उकरूं नये, धुऊं नये, विकूं तर मुळींच नये. जागा लिहून ठेवावी आणि अधिकाऱ्यांस कळवावें. जमिनींत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविलें पाहिजे, असा १८७८ सालचा कायदाच आहे. परंतु कायद्यापेक्षां आपुलकीचा धाक मोठा असतो, आणि ती आपुलकी जाण्यायेण्यानेंच उत्पन्न होते.

१९७७ पासून १८ मे हा दिवस जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळतात. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह असतो. अशा दिवसांत गांवोगांवच्या लहान संग्रहालयांनीं भाषणें अवश्य ठेवावींत. त्याबरोबरच गांवकऱ्यांना बोलावून, कोणास काय कोठें दिसलें तें विचारून टिपून घ्यावें. कुंभारास बाहुलीपाशीं उभें करावें, विणकरास कापडाच्या व्यापाराविषयीं बोलतें करावें. शहरांतील मंडळींनींही तेरला देवदर्शनास गेल्यावर एक तास या संग्रहालयासाठीं राखून ठेवावा, आणि मुलांना बरोबर न्यावें.

तें मस्तक आतां योग्य हातीं पोंचलें आहे. परंतु त्याच्याबरोबर जी चिठ्ठी असावयास हवी होती, ती आतां कोणासही लिहितां येणार नाहीं. आपल्यापैकीं कोणावर असा प्रसंग आला, तर ती चार ओळींची चिठ्ठी लिहावयास विसरूं नका, एवढीच माझी विनंति आहे.